सुगीचं बोट

डोळे मिटा. सगळ्यांनी. फटीतून बघायचं नाही.

आता अशी कल्पना करा, की रविवारची सकाळ आहे आणि तुम्ही तुमच्या गुरुजींच्या घरी, पडवीत बसला आहात. आतून चपलांचा आवाज येतो. गुरुजी उंबरा ओलांडून बाहेर येतात. पायजमा तोच, सदरा तोच, खाकरणंसुद्धा तेच. फक्त त्यांच्या भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सोंड आहे. तुमच्या अंगठ्याएवढी जाड. खोटी नाही, खळीनं चिकटवलेली नाही. त्यांच्याच कातडीची.

उघडा डोळे. कोण हसलं? हसा, हसा. त्या दिवशी माझ्या पडवीत पांडू सगळ्यात आधी हसला होता आणि म्हणाला होता, "गुरुजी, गणपतीला अजून अवकाश आहे ना?"

ते गुरुजी म्हणजे मी. सोंड आता नाही, पण नाक आहे. जवळ या आणि नीट बघा. शेंड्यावरची ही चकती मूळची कपाळावरची. ती तिथून इथे कशी आली ते सांगतो. पण गोष्ट नाकाची कमी आणि एका बोटाची जास्त आहे.

आमचं गाव खाडीच्या काठचं. मी तिथल्या प्राथमिक शाळेत होतो. घरात मी आणि माझी थोरली बहीण आक्का, अशी दोनच माणसं. दर रविवारी सकाळी माझ्या पडवीत एक बिनदप्तराची शाळा भरायची. तिला मुलं 'बघण्याची शाळा' म्हणत. एक भिंग होतं. कोळ्याचं जाळं, पेरूचं फूल, गोगलगाईची वाट, असं काहीतरी एक घ्यायचं आणि बघत बसायचं. नियम एकच. जे दिसतं तेच सांगायचं. जे वाटतं किंवा ऐकलेलं असतं, ते नको.

या शाळेत सगळ्यात पुढे सुगंधा मयेकर. तिचे वडील खाडीवर तर चालवायचे, म्हणजे लोकांना होडीतून पलीकडे न्यायचे. ती चौथीत होती आणि तिला सगळे सुगी म्हणत. इतर मुलं भिंगातून बघायची आणि पुढच्याला द्यायची. सुगीच्या हातात भिंग गेलं, की ते परत मिळवायला पांडूला तिची वेणी ओढावी लागे.

एका रविवारी पाऊस इतका लागला होता, की अंगणात उतरायची सोय नव्हती.

"आज काय बघायचं?" पांडूनं विचारलं.

"तुमच्या नाकावरची पुटकुळी बघू?" सुगी म्हणाली.

पोरं खिदळली. मीही हसलो आणि हनुवटी वर करून बसलो. म्हटलं, "बघ. आणि सांग सगळ्यांना."

ती बघत राहिली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. बऱ्याच वेळानं ती बोलायला लागली.

"पुटकुळीसारखी नाहीये. मोत्यासारखी आहे. कड चकचकीत आहे. कडेवर बारीक लाल रेघा आहेत, पानाच्या शिरा असतात तशा. मधे खळगा आहे. खळग्यात खपली."

"कुठे गं? मला नाही दिसत," पांडू म्हणाला.

"हे काय, इथे!" सुगीनं बोट सरळ माझ्या नाकावर रोखलं. जेमतेम टेकायचं राहिलं.

माजघरातून आक्का ओरडली, "अगो, बोट वाकव! बोट वाकव!"

तुम्हांला हे ठाऊक असेल किंवा नसेल. आमच्याकडे कोवळ्या दुधीला, काकडीला, भोपळ्याला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ते फळ कुजतं म्हणतात. दाखवायचंच असेल, तर बोट दुमडून पेरानं दाखवायचं. आमच्या परसात दुधीचा मांडव होता आणि मुलं त्या बाजूला वळली, की आक्का घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून ही आरोळी ठोकायची.

"आक्का, माझं नाक काही कोवळं नाही," मी म्हटलं. "छप्पन्न वर्षांचं आहे."

"मग जुनी वस्तू कुजत नाही वाटतं? वाकव गो बोट!"

सुगीनं मुकाट्यानं बोट दुमडलं. पण भिंग काही सोडलं नाही.

"गुरुजी, ही कधीपासून आहे?"

"दोन पावसाळे झाले असतील. मधेच खपली पडते, मधेच रक्त येतं. चष्मा घासतो ना तिथे."

"चष्मा वर आहे. ही खाली आहे. आणि पुटकुळी दोन पावसाळे टिकते?"

मुलांनो, मास्तराला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर मास्तर काय करतो? बहुधा विषय बदलतो. मीही बदलला. पण त्या प्रश्नानं मला आठवडाभर सोडलं नाही. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही भिंग घेतलं, सुगीइतकाच वेळ बघितलं, आणि मला कोल्हापूरला पाठवलं.

कोल्हापूरच्या इस्पितळात डॉक्टर मुजावरबाई होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी आधी पुटकुळीचा एक कण काढून तपासायला दिला. त्याचं उत्तर आल्यावर मला आणि आक्काला समोर बसवलं.

"गुरुजी, गोल गोल सांगत बसत नाही. ही पुटकुळी नव्हे. हा कातडीचा कॅन्सर आहे."

मी घाबरलो, हे लपवत नाही. पण आक्का लगेच बोलली, "अहो, कॅन्सर कसला? हा बंड्या तंबाखू खात नाही, विडी ओढत नाही!"

"आजी, हा तंबाखूचा नव्हे. उन्हाचा. गोरी कातडी, आणि जन्मभर उघड्या डोक्यानं हिंडलेत की नाही?"

आक्कानं माझ्याकडे असं बघितलं, की आमचं चाळीस वर्षांचं भांडण ती तिथे, त्या क्षणी जिंकली. "टोपी घाल, टोपी घाल म्हणून माझी जीभ झिजली हो!" ती बाईंना म्हणाली. थोडा वेळ तर ती घाबरायचंच विसरली.

"त्यातल्या त्यात हा गरीब आहे," बाई म्हणाल्या. "सहसा लांब जात नाही. पण बसलाय तिथंच खात राहतो. अजून दोन-तीन वर्षं ठेवला असता, तर अर्धं नाक नेलं असतं. आता काढायचा. भोवतीची थोडी चांगली कातडीपण घ्यायची. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्या कडा बघायच्या. कडा साफ निघाल्या, तर सगळा आला. नाही तर आणखी थोडं काढायचं."

"आणि नाकाला पडलेलं भोक?"

"ते कपाळानं बुजवायचं."

आक्कानं कपाळाला हात लावला, तो काही जागा दाखवायला नव्हे.

बाईंनी टेबलावरचा हातरुमाल घेतला. त्याची एक लांब पट्टी केली. "ही समजा कपाळाची कातडी, पार केसांपर्यंतची. तीन बाजूंनी सोडवायची, पण भुवईपाशी कापायची नाही. तिथून तिला रक्त मिळतं. मग ती अशी फिरवून खाली आणायची आणि टोक नाकावर शिवायचं. तीन आठवडे तशीच ठेवायची. नाकाकडून रक्त मिळायला लागलं, की मग मधला पूल कापून टाकायचा."

मी खुर्चीतून उठलोच. "म्हणजे भेटकलम!"

"काय कलम?"

"अहो, आंब्याचं! चांगल्या झाडाची फांदी कापायची नाही. कुंडीतलं रोपच तिच्याजवळ न्यायचं, दोघांची साल थोडी तासायची आणि एकमेकांना बांधून ठेवायचं. फांदी तोवर आपल्या आईच्याच रसावर जगते. सांधा धरला, की मग तिला आईपासून सोडवायची."

बाई हसल्या. "तसंच, अगदी तसंच. भुवई आई आणि नाक रोप. बरं नाव आहे हो. पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार."

आता मला बरं वाटलं. कलमं मी शेकड्यांनी बांधली होती. धीर करून मी खरा प्रश्न विचारला. "तीन आठवडे मी असा दिसणार. माझ्या घरी दर रविवारी मुलं येतात. ती घाबरतील का?"

"मोठी माणसं घाबरतात, गुरुजी. पोरं प्रश्न विचारतात." त्या कागदावर काही लिहिता लिहिता थांबल्या. "हे तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझ्या नाही आलं. चौथीतल्या एका मुलीच्या आलं."

"तिला माझा निरोप सांगा. म्हणावं, मोठी झालीस की इकडे ये."

शस्त्रक्रियेचं मला फार काही आठवत नाही. दिव्याचं एक मोठं पांढरं फूल आठवतं, आणि मग खूप कोरडं तोंड. दोन दिवसांनी बाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कडा साफ!" आक्कानं विचारलं, "साफ म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हणजे चोर सगळा पकडला, आजी." मग आक्कानं आपल्या पिशवीतला छोटा आरसा काढला आणि माझ्यापुढे धरला.

कपाळावर टाके, त्याखाली ती वळवलेली पट्टी, तिला गुंडाळलेली जाळीची पट्टी, आणि टोक नाकावर शिवलेलं. मी बघत राहिलो. आक्काही बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं.

ती म्हणाली, "मोदक करू का रे?"

हसू नका, टाके दुखतात, असं बाईंनी बजावलं होतं. पण काय करणार?

एकच अडचण मोठी झाली. सोंड नाकाच्या दांडीवरून गेली होती, तेव्हा चष्मा ठेवायला जागाच नव्हती. चष्म्याशिवाय मला जग म्हणजे पाण्यात पडलेलं चित्र. वर बाईंची ताकीद होती. उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, सोंडेला धक्का लागू द्यायचा नाही. म्हणजे बघण्याच्या शाळेचा मास्तर आंधळा होऊन पडवीत बसणार.

घरी आल्यावरचा पहिला रविवार. तोच, ज्याची तुम्ही कल्पना केलीत. गणपतीचा विनोद झाला, सगळे हसले, आणि मग बाई म्हणाल्या होत्या तसेच प्रश्नांचे दाणे पडायला लागले.

"गुरुजी, शिंकलात तर काय होतं?"

"अजून धाडस केलं नाही."

"आंघोळ कशी करता?"

"मानेखाली करतो."

"नाकावर माशी बसली, तर कुठे कळतं?"

हा प्रश्न पांडूचा, आणि फार मोलाचा. "कपाळावर कळतं!" मी म्हणालो. "कातडी नाकावर गेली, पण तिला अजून आपण कपाळावर आहोत असंच वाटतं."

पोरं 'ओऽ' करून ओरडली. मी भेटकलम समजावून सांगितलं. प्रत्येकानं सोंड जवळून बघितली. कुणी घाबरलं नाही. सगळे अस्पष्ट चेहरे मी एकेक करून ओळखले, आणि एक आवाज त्यात नाही हे माझ्या ध्यानात आलं.

"सुगी कुठे आहे?"

"ती नाय येणार," पांडू म्हणाला. "तिच्या बोटाला लागलंय. चिंधी बांधून फिरते. शाळेत पण डाव्या हातानं लिहिते. वर्गातल्या बाईंनी सांगितलं तरी सोडत नाय."

"आणि बघत पण नाय कशाकडे," दुसरी एक मुलगी म्हणाली. "शाळेमागे सुगरणीचं घरटं पडलं होतं, तर म्हणाली, मला नको."

सुगी सुगरणीचं घरटं बघायला नको म्हणाली? मला माझ्या नाकापेक्षा याची जास्त काळजी वाटली. ही मुलगी बघायची थांबली, तर माझ्या शाळेत मग उरलं काय?

ऊन उतरल्यावर डोक्यावर आक्कानं लादलेली बांबूची टोपी ठेवून मी तरीच्या धक्क्यावर गेलो. मयेकर होडी बांधत होते. सोंड बघून त्यांनी नजर खाली केली, मग पुन्हा वर.

"बरे आहात ना, गुरुजी?"

"उत्तम. तुमच्या सुगीचं बोट कसं आहे?"

"बोटाला काय नाय हो," ते हळू आवाजात म्हणाले. "जखम नाय, काटा नाय. हिची आई चिंधी सोडते, ही पुन्हा बांधते. विचारलं की तोंड फिरवते. तुम्हीच बघा."

सुगी होडीत बसून डब्यानं पाणी उपसत होती. मी पायरीवर बसलो. ती उपसत राहिली. होडीतलं पाणी संपलं, तरी रिकामा डबा घासत राहिली.

शेवटी तिनं विचारलं, "दुखतं?"

"नाही. ओढल्यासारखं वाटतं."

"नाक कापलं?"

"थोडंसं. आठ आण्याच्या नाण्याएवढं."

डबा थांबला. "मी सरळ बोट दाखवलं म्हणून."

"काय?"

"आक्का म्हणाल्या होत्या ना, कुजेल म्हणून. मी नंतर वाकवलं. पण तोवर दाखवून झालं होतं." आणि तिनं चिंधी बांधलेला हात पाठीमागे नेला. जणू तिथूनही ते बोट काहीतरी करील.

मी तिला सगळं सांगितलं. उन्हाचं सांगितलं, दोन पावसाळ्यांचं सांगितलं, बाईंचा निरोप सांगितला. "तू बघितलंस म्हणून नाक वाचलं," असंही सांगितलं. तिनं शहाण्या मुलीसारखं सगळं ऐकून घेतलं. मुलांना पटत नाही तेव्हा ती अशीच ऐकतात.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय," ती म्हणाली.

"खोटं सांगेन मी?"

"खोटं नाही. पण तुम्हाला ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुम्हीच म्हणता, ऐकलेलं नको, बघितलेलं सांगा."

घ्या. माझाच नियम माझ्याच सोंडेवर आपटला. मयेकरांनी हसू लपवायला दोरीची गाठ पुन्हा मारली.

"बरं," मी म्हटलं. "मग बघू या."

दुसऱ्या दिवशी शाळेआधी ती आली. आमच्या मांडवाला तेव्हा दोन कोवळे दुधी शेजारी शेजारी लोंबत होते. बोटभर लांब, अंगावर लव, टोकाला सुकलेलं फूल. मी म्हटलं, "यातल्या एकाला तू रोज सरळ बोट दाखवायचंस. दुसऱ्याला अजिबात नाही. आणि काय होतं ते बघायचं."

"आणि कुजला तर?"

"तर कुजला असं म्हणायचं. जे दिसेल ते."

आक्का कमरेवर हात ठेवून उभी. "वेल मी लावला, पाणी मी घातलं, आणि प्रयोग तुमचा! बंड्या, तो दुधी कुजला की मग माझ्याशी बोलू नकोस." पण तिनं चिंधी बांधलेलं बोट बघितलं होतं. वाद तिथेच सोडून ती आत गेली.

सुगीनं चिंधी सोडली. डोळे अर्धे मिटले. विस्तवाला हात लावावा तसं बोट पुढे केलं, आणि लगेच मागे घेऊन पुन्हा चिंधी गुंडाळली. रोज हेच. मी मागच्या दारातून दोन हिरव्या ठिपक्यांकडे बघत असायचो. दुधी वाढत होते. दोन्ही. मी निर्धास्त होतो. आठवड्यानं तर मी पांडूला सांगूनही टाकलं, की आता सुगी येणार.

आणि एका सकाळी परसातून तिची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

"गुरुजी! कुजला!"

मी टोपी विसरून धावलो. कोणता, हे विचारायची गरज नव्हती. आक्का माझ्या आधी पोचली होती. तिनं दुधी हातात घेतला, दाबला, आणि मग सुगीकडे बघितलं. आयुष्यभर 'मी सांगत नव्हते?' म्हणायची एकही संधी न सोडलेली माझी बहीण त्या दिवशी गप्प राहिली.

सुगीचा चेहरा मला अस्पष्टच दिसत होता. पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दुसरा चांगला आहे. ज्याला दाखवलं तोच कुजला."

आपण या पोरीला बरं करायला गेलो, आणि तिच्या गुन्ह्याचा पुरावाच तिच्या हातात दिला. एकच गोष्ट सुचली.

"काय दिसतं?"

"कुजलेलं."

"कुजलेलं हे वाटतं. दिसतं काय? मला चष्मा नाही, सुगी. तूच बघायला हवंस. आक्का, भिंग आण."

आक्का भिंग घेऊन आली. सुगीनं ते घेतलं नाही. मग घेतलं. दुधीवर धरलं.

"पिवळा डाग आहे," ती म्हणाली. "मऊ. डागात... भोक आहे. टाचणीनं टोचल्यासारखं. भोकातून डिंक आलाय."

"आणखी?"

"बाहेरून एवढंच. आतलं बघायला पाहिजे. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं तसं."

आक्का विळी घेऊन आली. दुधी चिरला, आणि सुगी एकदम मागे सरकली. "अळ्या! पांढऱ्या! गुरुजी, एक उडी मारतेय!"

मला कळलं होतं. फळमाशी. पण मास्तरकीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे माहीत असलेलं न सांगणं. मी सोंडेखाली ओठ घट्ट मिटले.

"अळ्या भोकातून आल्या," सुगी स्वतःशीच बोलत होती. "भोक कुणी पाडलं?" तिनं चिंधीतून बोट बाहेर काढलं आणि नख भोकाला लावून बघितलं. "माझं बोट यात जात नाही."

"मग?"

"पण मी दाखवलं म्हणून दुसरं कुणी आलं असेल."

बघा, पोर किती हट्टी! पण तिचंही चुकत नव्हतं. दुसरा दुधी धडधाकट लोंबत होता ना. ती त्या दोन्ही दुधींकडे आळीपाळीनं बघत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "मला असा दुधी पाहिजे, की जो कुणी बघितलेलाच नाही."

आमचा वेल मांडवावरून जुन्या गोठ्याच्या छपरावर चढून पलीकडे उतरला होता. तिकडे नुसतं रान होतं. आक्काही जायची नाही. सुगी त्या पानांत शिरली. आधी वेणी दिसेनाशी झाली, मग फक्त पानं हलताना दिसली.

"विंचू असेल गो!" आक्का ओरडली.

"आहे!" आतून आवाज आला.

"विंचू?"

"दुधी!"

ती बाहेर आली तेव्हा केसांत पानं, गालावर ओरखडा, आणि कडेवर बाळासारखा घेतलेला एक वाकडातिकडा दुधी. तिनं तो आक्काच्या पुढ्यात ठेवला. "हा तुम्हांला माहीत होता?"

"नाही बाई."

"गुरुजींना?"

"मला तर आता समोर आहे तोसुद्धा नीट दिसत नाही."

"मलाही माहीत नव्हता. पांडूलाही नाही. मग याला कोण बोट दाखवणार?" तिनं भिंग टेकवलं. "हे भोक. हा डिंक. तसंच!"

आणि मग भिंग खाली आलं, डोळे मात्र एका जागी खिळले. उरलेल्या धडधाकट दुधीवर एक पिवळट माशी येऊन बसली होती. मला ती दिसली नाही. सुगी कुजबुजली म्हणून कळलं.

"गांधीलमाशीसारखी आहे, पण बारकी. फिरतेय. आता थांबली. मागचं टोक खाली टेकवतेय... गुरुजी, ती टोचतेय!"

"दिसतं, की वाटतं?"

"दिसतं!"

तिनं 'हुर्र' करून माशी उडवली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुमचं नाक?"

"तिथे ऊन टोचत होतं. खूप वर्षं."

"ते दिसत नाही टोचताना."

"नाही. झालेलं तेवढं दिसतं. तेही बघणाऱ्यालाच."

तिनं यावर बराच विचार केला. माझ्या उघड्या डोक्याकडे बघून विचार केला, असं मला वाटतं, कारण ती आधी पडवीत गेली, बांबूची टोपी आणली आणि माझ्या हातात दिली. मग तिनं बोटाची चिंधी पूर्ण सोडली, नीट उलगडली, आणि त्या उरलेल्या दुधीभोवती गुंडाळून गाठ मारली, माशी बसू नये म्हणून.

मी पायरीवर बसून टोपी घातली. सुगी भिंग घेऊन माझ्यासमोर आली. पुष्कळ दिवसांनी तिचा श्वास पुन्हा माझ्या गालाला लागला. कपाळावरचे टाके बघून झाले, सोंड बघून झाली, शेवटी नाकाचा शेंडा आला.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमच्या नाकावर केस उगवलाय. काळा. डोक्याचा असतो तसा."

"काय सांगतेस! कुठे?"

"हे काय, इथे!" आणि तिचं बोट सरळ माझ्या नाकावर आलं.

"अगो, बोट वाकव!" आक्काच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

सुगीनं आक्काकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि बोट होतं त्यापेक्षा आणखी ताठ केलं.